‘टायरसम’ शिकवताना या चुका टाळा: चिनी भाषिकांना इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी मंडळींसाठी

“आय ॲम व्हेरी टायरसम टुडे.”

चिनी भाषिक विद्यार्थ्याच्या लिखाणात हे वाक्य आज ना उद्या येतंच. व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर त्याखाली लाल रेघ ओढत नाही, कारण रचनेत काहीच वावगं नाही. घोटाळा अर्थात आहे. बिचाऱ्याला सांगायचं असतं ‘आज मी दमलोय’ किंवा ‘आज मी वैतागलोय’, आणि तो सांगून बसतो ‘आज मी सगळ्यांना पिडतोय’.

पुण्या-मुंबईत बसून तैवान, मलेशिया, सिंगापूरच्या लोकांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणारे, किंवा ऑफिसातल्या चिनी सहकाऱ्याचं इंग्रजी तपासून देणारे जे कोणी असतील, त्यांना हा शब्द हमखास छळतो. चीनने जुलै 2021 मध्ये शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर निर्बंध आणले. त्या नियमांत परदेशात बसलेल्या परदेशी शिक्षकांना शिकवणीवर नेमायलाच मनाई आहे. त्यामुळे आता आपली गाठ पडते ती बहुतेक मोठ्या माणसांशी. मोठी माणसं कोरी पाटी घेऊन येत नाहीत. चीनमधल्यांनी कॉलेजात असताना ‘स्स-ची’ नावाची इंग्रजीची परीक्षा दिलेली असते (1987 पासून चालू आहे), त्यासाठी हजारो इंग्रजी शब्द घोकलेले असतात आणि प्रत्येक शब्दाला एकेक चिनी शब्द कायमचा चिकटवलेला असतो. या याद्या अकारविल्हे असतात, म्हणून सगळ्यांचा पहिला शब्द ‘अबॅन्डन’, आणि बऱ्याच जणांचा शेवटचाही तोच, असा विनोद तिकडे सर्रास चालतो. आपलं अर्धं काम नवीन शिकवण्याचं नसतंच. चिकटलेलं सोडवण्याचं असतं.

पुढे चिनी शब्द देवनागरीत लिहिलेत ते उच्चाराच्या जवळपास जाणारे आहेत. सूर त्यात दाखवता येत नाही, आणि चिनीत सुराने अर्थ फिरतो. वैतागाचा जो ‘फान’ पुढे वारंवार येणार आहे तो चढत्या सुरात म्हणायचा असतो. तोच उतरत्या सुरात म्हटला की भात होतो. वर्गात चिनी झाडायची हौस असेल तर एवढं लक्षात ठेवा.

शब्दाला शब्द देऊन मोकळं होणं

ही चूक विद्यार्थ्याची नाही, आपली. विद्यार्थी विचारतो, “टायरसम म्हणजे काय?” आपण चटकन कोश उघडतो. इंग्रजी-चिनी कोशात साधारण तीन अर्थ मिळतात: ‘लिंग-रन येनच्युएन’, म्हणजे माणसाला वीट आणणारा, ‘थाओयेन’, म्हणजे नकोसा, आणि ‘फान-रन’, म्हणजे माणसाला वैताग देणारा. तिन्ही बरोबर आहेत, आणि तिन्हींतला कुठलाही एकटा दिला की काम बिघडतं.

‘थाओयेन’ सर्वांत घातकी. बोलण्यात हा शब्द क्रियापदासारखा चालतो: ‘मला तो आवडत नाही, डोक्यात जातो’ अशा अर्थाने. मग वहीत ‘आय टायरसम हिम’ उगवतं. शिवाय झुरळ थाओयेन, बॉस थाओयेन, पाऊस थाओयेन, आणि प्रियकराने खोडी काढल्यावर लाडिकपणे फेकायचा शब्दही थाओयेनच. झुरळाला कुणी टायरसम म्हणत नाही. त्याची किळस येते. आणि लाडिक तक्रारीत हा शब्द वापरला तर लाडाचा मागमूस उरत नाही, प्रकरण तिथेच आटोपतं.

‘येनच्युएन’ पुस्तकी आहे. त्यात वीट आहे, पण चिडचिड फिकी आहे. ‘फान’मध्ये नेमकं उलटं. हे अक्षर बघण्यासारखं आहे: डावीकडे आग, उजवीकडे डोकं. प्राचीन चिनी कोशात त्याचा अर्थ डोकं तापून दुखणं असाच दिलाय. आपण ‘डोकं तापवू नकोस’ म्हणतो, त्याचं हे चित्रच. पण डोकं एका फटक्यातही तापतं. बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तरी फान. आणि इथेच ‘टायरसम’ वेगळा पडतो, कारण टायरसम एका फटक्यात होत नाही. त्याला रतीब लागतो. तेच तेच होत राहिलं पाहिजे, त्यात काही रस उरता कामा नये, आणि त्याची हलकीशी चीड यायला पाहिजे. नुसता कंटाळा आला तर तो ‘टीडियस’, उदाहरणार्थ व्हिसाचा लांबलचक फॉर्म. नुसती चीड आली तर ती ‘अनॉइंग’, उदाहरणार्थ रात्री कानाशी गुणगुणणारा डास. डासाचा कंटाळा येत नाही आणि फॉर्मवर कुणी चिडत नाही (निदान पहिल्या वेळी तरी). पण दर मीटिंगला तोच जुना किस्सा तितक्याच उत्साहाने सांगणारा साहेब मात्र टायरसम.

मग चिनीत याला जवळचं काय? माझ्या मते एक शब्द शोधण्यापेक्षा ‘थिंग नी ल’ हा प्रयोग पकडावा. ‘थिंग’ म्हणजे ऐकणं, आणि ‘नी’ म्हणजे मुळात तुपकट, ओशट खाऊन तोंडाला येणारी नकोशी चव. दोन्ही मिळून: ऐकून ऐकून कान किटले. आपल्याकडच्या ‘कान किटणं’ला इतका तंतोतंत जोड मिळावा, याची गंमत वाटते. याच धर्तीवर ‘खान नी ल’, म्हणजे बघून बघून वीट आला. ‘छ्र नी ल’, म्हणजे खाऊन खाऊन. आणि ‘नी’च्या जागी ‘फान’ घातला, ‘थिंग फान ल’, की ऐकून ऐकून वैताग आला. क्रियापदाच्या मागे परिणाम लावायची ही चिनी पद्धत आपोआप ‘पुन्हा पुन्हा’चा अर्थ घेऊन येते, आणि सुटा ‘फान’ नेमका तोच आणत नाही. विद्यार्थ्याला सांगायचं: जे ऐकून ‘थिंग नी ल’ आणि ‘थिंग फान ल’ ही दोन्ही तुझ्या तोंडून निघतील, ते टायरसम.

याचं हुकमी उदाहरण म्हणजे चिनी नववर्ष. शहरात नोकरी करणारी तरुण मंडळी सुट्टीला गावी जातात, सगळं गोत जमतं आणि टेबलावर मासा येण्याआधी प्रश्न येतात. कुणी आहे का आयुष्यात? पगार किती? घर घेतलंस का? लग्न कधी? लग्नासाठी असं मागे लागण्याला चिनीत ‘त्स्वेइ-हुन’ असा स्वतंत्र शब्द आहे, म्हणजे प्रकरण किती रुजलेलं असेल बघा. ‘यंदा कर्तव्य आहे का?’ ऐकलेल्या मराठी माणसाला याची फोड करून सांगायला नको. मावशीचा राग नसतो. तिने प्रेमानेच विचारलेलं असतं. प्रश्नात नवीन काही नसतं, उत्तरातही नसतं, आणि तरी दरवर्षी तो येतोच. ‘द सेम टायरसम क्वेश्चन्स एव्हरी न्यू इयर.’ हे वाक्य मी फळ्यावर लिहितो तेव्हा वर्गातला कॅमेरा बंद ठेवून बसलेला माणूससुद्धा कॅमेरा चालू करतो. मग कोश लागत नाही.

कुणाला वाटतं आणि कुणामुळे वाटतं

सुरुवातीचं वाक्य इथून जन्माला येतं. आणि इथे आपलं मराठी आपल्याला गाफील ठेवतं.

आपल्याकडे दोन बाजू चोख वेगळ्या आहेत. मला कंटाळा येतो. भाषण कंटाळवाणं असतं. ‘मी कंटाळलोय’ आणि ‘मी कंटाळवाणा आहे’ यांत मराठी पोरसुद्धा गल्लत करत नाही. त्यामुळे विद्यार्थी ‘आय ॲम टायरसम’ म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं, याने शब्द नीट पाठ केला नाही, आणि आपण अर्थ पुन्हा सांगतो. तो पुन्हा तेच वाक्य बनवतो. अर्थ त्याला कळलेलाच असतो. अडचण अशी की चिनीत ही वाटणी शब्दावर दिसत नाही.

‘वो हन फान’ म्हणजे मला वैताग आलाय. ‘था हन फान’ म्हणजे बहुतेक वेळा तो वैताग आणतो. शब्द एकच, जागा एकच. बोलणारा कुणाबद्दल बोलतोय यावरून ऐकणारा समजून घेतो. ‘वूल्याओ’चं तेच: मी वूल्याओ म्हणजे मला कंटाळा आलाय, सिनेमा वूल्याओ म्हणजे सिनेमा रटाळ, आणि ‘तू ना, अगदी वूल्याओ’ म्हणजे तुला दुसरे उद्योग नाहीत का. ‘लेइ’ म्हणजे दमलेला, तोही तसाच: मी लेइ, आणि डोंगर चढणंही लेइ. म्हणून ‘बोअर्ड’च्या जागी ‘बोअरिंग’, ‘टायरिंग’च्या जागी ‘टायर्ड’, आणि ‘टायर्ड’च्या जागी ‘टायरसम’ हे सगळे एकाच खोडाचे फाटे आहेत. एक तोडून उपयोग नाही.

उपाय मात्र त्यांच्याच भाषेत तयार आहे आणि चिनी शाळांतले इंग्रजीचे शिक्षक तो वर्षानुवर्षं वापरतात. लेखी चिनीत भावनेच्या शब्दाआधी ‘लिंग-रन’ लावला की अर्थ होतो ‘माणसाला तसं वाटायला लावणारा’. ‘कान-ताओ’ लावला की ‘तसं वाटणं’. बोलताना ‘लिंग-रन’ऐवजी ‘रांग-रन’ म्हणतात, पण काम तेच. विद्यार्थ्याला इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी मनात चिनी वाक्य करायला सांगा आणि तिथे यांपैकी काय बसतं ते विचारा. ‘मी ___ येनच्युएन’: इथे कान-ताओ बसतो, म्हणून ‘आय ॲम टायर्ड ऑफ इट’. ‘त्याच्या सबबी ___ येनच्युएन’: इथे लिंग-रन बसतो, म्हणून ‘हिज एक्सक्यूझेस आर टायरसम’. माझा अनुभव असा की ही खूण एकदा पटली की ‘आय फील टायरसम’ आणि ‘आय ॲम टायरसम ऑफ वेटिंग’ ही दोन्ही भुतं बरीचशी उतरतात. ‘ऑफ’ फक्त ‘टायर्ड’ला जोडतात, हे वेगळं सांगावं लागतं.

इथे एक मोह टाळा. ‘शेवटी सम असलं की तो शब्द कारणाचा, वाटण्याचा नाही’ असा सुटसुटीत नियम देऊ नका. ‘इर्कसम’, ‘ट्रबलसम’, ‘बर्डनसम’ या नियमात बसतात. ‘लोनसम’ बसत नाही, कारण लोनसम माणसाला स्वतःलाच एकटं वाटत असतं. ‘क्वॉरलसम’ म्हणजे भांडखोर, तिथे स्वभाव आला. ‘हँडसम’ तर सगळ्यांच्या पलीकडचा. हा ‘सम’ जुन्या इंग्रजीतल्या ‘सुम’ या प्रत्ययापासून आला आणि शब्दागणिक वेगवेगळा वाढला. आपल्या ‘-वाणा’चं असंच आहे: कंटाळवाणा दुसऱ्याला कंटाळा आणतो, पण केविलवाणा स्वतःच केविलवाणा असतो. जर्मन येणारा विद्यार्थी भेटला तर त्याला ‘आइनझाम’, ‘लांगझाम’मधला ‘झाम’ दाखवा, तो याचाच भाऊबंद. बाकीच्यांना हे सांगायची गरज नाही. फक्त ‘सम’चा अर्थ ‘थोडेसे’ नाही एवढं सांगा. काही जण ‘टायर’ आणि ‘सम’ असे दोन शब्द सुटे लिहितात.

टायरिंग आणि टायरसम

थोडक्यात सांगतो. ताइशान पर्वताच्या हजारो पायऱ्या चढणं टायरिंग. पाय दुखतात, पण सूर्योदय बघायचाय म्हणून माणूस हौसेने चढतो. त्या वाटेवर दर वळणाला एक विक्रेता रेनकोट घ्या, काठी घ्या म्हणत मागे लागला, तर तो टायरसम. शरीर थकतं तिथे पहिला, सहनशक्ती थकते तिथे दुसरा.

‘माफान’ म्हणजे टायरसम नव्हे

चिनी माणसाच्या बोलण्यात ‘माफान’ दिवसातून किती वेळा येतो हे मोजू नये. काम किचकट असलं तर माफान. दोन बस बदलून जावं लागलं तर माफान. कुणाला काम सांगायचं तर ‘माफान नी’, म्हणजे तुम्हाला जरा तसदी देतो (हा ‘नी’ वेगळा, त्याचा अर्थ ‘तू’). सिंगापूरच्या इंग्रजीत तर हा शब्द जसाच्या तसा घुसलाय. शाळेत त्याला ‘ट्रबलसम’ हा प्रतिशब्द मिळतो, म्हणून ‘टेकिंग द बस इज व्हेरी ट्रबलसम’ असली वाक्यं तिकडच्या इंग्रजीत जागोजागी. अशा ठिकाणी रोजच्या इंग्रजीत ‘हॅसल’ किंवा ‘पेन’ म्हणतात. आता तुम्ही ‘टायरसम’ शिकवला की विद्यार्थ्याला वाटतं, ट्रबलसमला आणखी एक भारदस्त शब्द मिळाला, आणि तो बसलाही टायरसम करून टाकतो.

बस एकदा बदलावी लागली तर हॅसल. रोज, वर्षभर, त्याच स्टॉपवर तोच अर्धा तास जायला लागला तर टायरसम म्हणायला हरकत नाही. पुन्हा तोच निकष: रतीब आहे का?

ईमेलमध्ये हा गोंधळ महागात पडतो. ‘माफान नी’ मनात ठेवून एखादा लिहितो, ‘सॉरी फॉर द टायरसम’, तिथे नाम हवं होतं आणि विशेषण आलं. दुसरा लिहितो, ‘थँक यू फॉर युअर टायरसम वर्क’. त्याला म्हणायचं असतं, तुम्ही खूप कष्ट घेतलेत. चिनीत ‘शिन-खू’ म्हणून दुसऱ्याच्या कष्टांची दखल घेण्याची सुंदर रीत आहे, ती त्याला इंग्रजीत आणायची असते. वाचणाऱ्याला दिसतं, ‘तुमच्या रटाळ कामाबद्दल आभार’. शिन-खूला ‘थँक्स फॉर ऑल युअर हार्ड वर्क’ द्यावं, आणि कामाच्या ईमेलमध्ये समोरच्याच्या कुठल्याही गोष्टीला टायरसम म्हणू नये. प्रश्नांना, सूचनांना, कशालाच नाही.

शब्दाचा तोरा

समोरच्याला हा शब्द का बोचतो, तर त्याला एक तोरा आहे. टायरसम म्हणणारा माणूस थोडा वर बसून बोलतो. ‘हाउ टायरसम!’ म्हटलं की जुन्या वळणाचा इंग्रज उसासा ऐकू येतो. ब्रिटिश लिखाणात तो भेटतो. अमेरिकन गप्पांत तेच ‘इट्स गेटिंग ओल्ड’ किंवा सरळ ‘अनॉइंग’ म्हणून भागवतात. म्हणून माझं स्पष्ट मत असं: मध्यम पातळीच्या विद्यार्थ्याला हा शब्द वाचताना ओळखता यावा, बोलताना त्याने ‘आय ॲम टायर्ड ऑफ’वरच राहावं. परीक्षेच्या निबंधात भारदस्त दिसतो म्हणून घालायला शिकवू नका.

त्या तोऱ्यामुळे शब्दाला वरची मर्यादाही आहे. तक्रार किरकोळ असावी लागते. भूकंपाला टायरसम म्हणणं निर्दयपणा झाला. तैवानच्या विद्यार्थ्यांशी बोलताना वादळाचं उदाहरण नेमकं लागू पडतं, कारण उन्हाळ्यात तिथे टायफून येतच असतात. घरं पाडणाऱ्या टायफूनला हा शब्द नाही. पण कुणाचंही नुकसान न करता लागोपाठ तिसऱ्यांदा सहल रद्द करायला लावणारा टायफून? तो टायरसम, आणि म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडं हसूही असतं.

शेवटचा ‘म’

अर्थ बसला तरी उच्चार राहतो. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, अक्षराच्या शेवटी ‘न’ येतो, ‘ङ’ येतो, ‘म’ येत नाही. जुन्या चिनीत तो होता. मँडरिनमध्ये त्याचा ‘न’ झाला. त्यामुळे बीजिंगचा विद्यार्थी ‘टायरसन’ म्हणतो, आणि फारच मनावर घेतलं तर ‘टायरसमू’. ओठ मिटा, ओठ मिटा असं ओरडून फरक पडत नाही. ‘म’ अक्षराच्या सुरुवातीला त्यांना बिनधास्त येतो, म्हणून पुढचा शब्द स्वराने सुरू होणारा द्या: ‘टायरसम ओल्ड स्टोरी’. वाचायला लावा ‘टायरस-मोल्ड’. म बिनबोभाट बाहेर पडतो. मग हळूहळू ‘ओल्ड’ काढून घ्या.

कँटोनीज ही दक्षिणेकडची चिनी बोली बोलणाऱ्यांचं मात्र निराळं. हाँगकाँग, ग्वांगचौ किंवा क्वालालंपूरचा विद्यार्थी असेल तर आधी विचारा घरी काय बोलता, कारण कँटोनीजने शेवटचा ‘म’ जपून ठेवलाय. मँडरिनमध्ये तीनला ‘सान’, कँटोनीजमध्ये ‘साम’. आणि हृदयाला मँडरिनमध्ये ‘शिन’, तर कँटोनीजमध्ये थेट ‘सम’, अगदी टायरसममधल्यासारखा. त्याला एवढंच सांगायचं की शेवटी हृदय म्हण, फक्त जोर न देता. घरी होक्किएन ही आणखी एक दक्षिणी चिनी बोली बोलणाऱ्यांनाही हा ‘म’ परका नाही, त्यामुळे तैवानच्या दक्षिणेकडच्या विद्यार्थ्याला उगाच ओठांचे व्यायाम देण्याआधी तोही प्रश्न विचारून बघा.

तपासणी कशी घ्यावी

‘टायरसम वापरून वाक्य करा’ असं कधीच सांगू नका. पाठ केलेलं एक वाक्य मिळेल आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ‘आय ॲम टायरसम’ येईल. त्याऐवजी एकच प्रसंग द्या आणि तो थोडा थोडा बदला. शेजारी रात्री पियानो वाजवतो: एकदा वाजवला, झोपमोड झाली. रोज वाजवतो, तेच चार सूर, चुकाही त्याच. तुम्ही स्वतः तेच चार सूर शिकताय. पियानो चौथ्या मजल्यावर चढवून न्यायचाय. चारही ठिकाणी कोणतं विशेषण, आणि ते कुणाला लावायचं, हे तोंडी विचारा. उत्तरं अनुक्रमे अनॉइंग, टायरसम, टीडियस आणि टायरिंग अशी यावीत. तिसऱ्यात एखादा ‘बोअर्ड’ म्हणाला आणि तो स्वतःबद्दल म्हणाला, तर तेही बरोबर धरा.